१८,००० फुटांवरून उडी : ऑक्सिजन खरंच लागतो की नुसता बडेजाव?

रंकाळावासी

राम राम मंडळी.

लेक-जावई न्यूझीलंडला असतात. दिवाळी झाली की आम्ही उभयता तिकडं निघालोय. जावईबापूंनी परस्पर ठरवून टाकलंय की सासऱ्यांना विमानातून ढकलायचं. म्हणजे पॅराशूट बांधून, आणि पाठीला एक तरबेज गडी जखडलेला असतो. टँडम म्हणतात त्याला.

तिथं तीन दर आहेत : ९,००० फूट, १३,००० फूट आणि १८,००० फूट. शेवटच्याला पैसे जवळजवळ दुप्पट, आणि त्यात म्हणे विमानात ऑक्सिजन देतात. माहितीपत्रकात ते असं ठळक छापलंय, जणू लॉजवर 'सकाळचा नाष्टा मोफत'.

माझं मत सांगतो. हा बडेजाव आहे. मी बुलेटवरून खारदुंग ला चढलोय, तिथल्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलं होतं. वर चहा प्यालो, मॅगी खाल्ली, फोटो काढले. कुणी नाकात नळी घातली नव्हती. मग विमानात नुसतं बसून राहायला ऑक्सिजन कशाला? आणि एकदा उडी मारली की हवाच हवा, तीही ताशी दोनशेच्या वेगानं तोंडावर.

तर प्रश्न असा, १८ वरून मारावी की १३ वरून? वय ५४, बीपीची एक गोळी चालू, बाकी ठणठणीत. जाणकारांनी सांगावं. अजाणकारांनीही सांगितलं तरी चालेल, तसंही ते थांबणार नाहीत.

पांढरा_रस्सा

जावई भारी गावलाय. घर कुणाच्या नावावर हाय तेवढं बघून ठेवा.

तालमीतला

दम असला की काय लागत न्हाई. आमच्या तालमीतली पोरं पहाटे पन्हाळा पळत चढत्यात, कोण धापा टाकत न्हाई. ऑक्सिजन बिक्सिजन शहरातल्या लोकांची थेरं. काका, बिनधास्त १८.

मुडशिंगीकर

रंकाळावासी काका, मी छोटी विमानं उडवतो (शिक्षण बारामतीला, सध्या पोटापाण्यासाठी परदेशात), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खारदुंग लाचा हिशोब. ती पाटी फुगवलेली होती. जीपीएसनं मोजली तर खिंड १७,५८० फुटांच्या आसपास भरते. पण ते सोडा, तुम्ही त्याआधी लेहला मुक्काम केला होतात की नाही? लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. तिथं राहिलात त्या काळात तुमच्या शरीरानं गुपचूप श्वास वाढवला, मूत्रपिंडांनी रक्ताचा तोल सावरला, आणि मग तुम्ही मॅगी खाल्लीत. जंप प्लेन तुम्हाला जवळजवळ समुद्रसपाटीवरून उचलतं आणि अर्ध्या तासाच्या आत १८,००० वर नेऊन ठेवतं. शरीराला सावरायला सवडच नाही. शिवाय या विमानांत कॅबिनचा दाब राखायची सोय नसते. दारच उघडायचं असतं, दाब कशात राखणार?

हवेत ऑक्सिजन खाली-वर सगळीकडं २१ टक्केच असतो. घटतो तो दाब. १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा, म्हणजे छातीभर श्वास घेतला तरी आत ऑक्सिजन अर्धाच. कोल्हापूर अठराशे-एकोणीसशे फुटांवर आहे, इथंच आपण सहा-एक टक्के सोडून दिलेत.

आता नियम. अमेरिकेत १२,५०० फुटांपर्यंत काही सक्ती नाही. १२,५०० ते १४,००० च्या पट्ट्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ राहिलात तर त्या जास्तीच्या वेळेपुरता वैमानिकानं ऑक्सिजन घ्यायचा. १४,००० च्या वर पूर्णवेळ. १५,००० च्या वर विमानातल्या प्रत्येकासाठी सोय हवी. आयकाओ, म्हणजे जागतिक नागरी विमान संघटना, याहून कडक आहे : तिथं अर्ध्या तासाचा पट्टा १०,००० पासूनच सुरू होतो आणि १३,००० च्या वर सगळ्यांना. जगात बहुतेक ठिकाणी टँडमच्या उड्या १३-१४ हजारांच्या आसपास का अडकलेल्या असतात याचं उत्तर यातच आहे. तिथवर सिलिंडर, नळ्या, रेग्युलेटर, कसलीच भानगड नाही.

शंकासुर

म्हणजे माणूस १४,९९९ फुटांवर शहाणा आणि १५,००१ वर बेशुद्ध? वकिलांनी काढलेल्या रेघा आहेत या. अमेरिकेची रेघ एकीकडं, आयकाओची दुसरीकडं, यावरूनच कळतं की विज्ञान कमी आणि समित्या जास्त.

पांढरा_रस्सा

शंकासुर आले. धाग्याला आता शंभरी नक्की. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

भूलवाला

@शंकासुर, रेघ समितीनं मारली हे मान्य. घसरण मात्र समितीनं ठरवलेली नाही.

माझा धंदा भूल देण्याचा, दिवसभर तोच आकडा बघत असतो. रक्तातल्या ऑक्सिजनचा आलेख सुरुवातीला जवळजवळ सपाट चालतो. दाब बराच उतरला तरी बोटावरचं यंत्र ९५, ९४ दाखवत राहतं. नव्वदच्या खाली गेला की मात्र तोच आलेख तोंडावर पडतो, थोडा दाब कमी झाला तरी आकडा धडाधड उतरतो. सवय नसलेला धडधाकट माणूस १०,००० फुटांवर नव्वदच्या आसपास असतो, १४,००० ला ऐंशी-पंच्याऐंशी, १८,००० ला सत्तरीत. माणसागणिक फरक पडतो. रेघ कुठं मारायची यावर वाद घाला, पण ती त्या कड्याच्या अलीकडंच मारायला हवी.

@तालमीतला, राग मानू नका, पण इथं जोर-बैठकांचा उपयोग नाही. दम म्हणजे मिळालेला ऑक्सिजन नीट वापरायची ताकद. हवेतच कमी असेल तर पैलवानाचं रक्तही तेवढंच रिकामं राहतं. उलट मोठे स्नायू कामाला लागले की ते जास्त ओढतात. आणि कोण जास्त टिकेल ते चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

सिगारेट ओढणाऱ्यांचं तर विचारूच नका. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनवर आधीच जागा अडवून बसलेला असतो. असा माणूस जमिनीवर उभा असतानाच शरीरानं काही हजार फूट वर असतो. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांचीही तीच गत.

तालमीतला

डॉक्टर, राग कसला. पण आमचा वस्ताद ऐकणार न्हाई.

कागलकर_निवृत्त

मी हवाई दलातून निवृत्त. वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली म्हणून लिहितो.

रंकाळावासी साहेब, आपल्याला वाटतं की ऑक्सिजन कमी पडला की जीव गुदमरेल, धाप लागेल, माणूस आपणहून मास्क शोधेल. तसं होत नाही. गुदमरल्यासारखं वाटतं ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठला की. उंचीवर तो तर बाहेर पडतच असतो. त्यामुळं धोक्याची घंटा वाजतच नाही.

बंगळुरूला हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिनची संस्था आहे. तिथं कमी दाबाच्या कोठीत बसवून २५,००० फुटांइतकी हवा विरळ करतात आणि मास्क काढायला लावतात. हातात पाटी आणि कागद. शंभरातून सात-सात वजा करत जायचं. माझ्या समोरच्या जोडीदारानं १००, ९३, ८६, ७९, ७२ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग ६५. मग पुन्हा ६५. मग आणखी मोठ्या अक्षरात ६५, आणि पेन्सिल कागद सोडून पाटीच्या लाकडावर गेली. नखं जांभळट. चेहऱ्यावर हसू, लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखा खूश. प्रशिक्षकानं सांगितलं, मास्क लाव. त्यानं मान डोलावली. हात मांडीवरच. दुसऱ्यांदा सांगितलं, परत मान डोलावली. शेवटी बाजूच्यानं लावला. दोन-चार श्वासांत माणूस ताळ्यावर आला आणि म्हणाला, माझं तर सगळं बरोबर आलं होतं, मध्येच का थांबवलंत?

२५,००० ला शुद्धीत राहून उपयोगाचं काही करायला साधारण ३ ते ५ मिनिटं मिळतात. ३५,००० ला अर्धा ते एक मिनिट. १८,००० ला २० ते ३० मिनिटं. लक्षात घ्या, हा वेळ बेशुद्ध पडेपर्यंतचा नाही, डोकं चालतं तोवरचा आहे.

मुडशिंगीकर

कागलकर काकांना साष्टांग. आम्हालाही हेच घोकून घेतात : स्वतःला कसं वाटतंय यावर ठरवायचं नाही, उंचीमापकाच्या काट्यावर ठरवायचं. कारण ज्या डोक्यानं ठरवायचं, तेच आधी जातं. रात्री तर डोळ्यांवर ५,००० फुटांपासूनच परिणाम सुरू होतो, म्हणून अमेरिकेचं विमान खातं दिवसा १०,००० आणि रात्री ५,००० च्या वर ऑक्सिजन घ्या असा सल्ला देतं. सक्ती नाही, सल्ला.

जुन्या_पानांचा_किडा

या विषयातलं सगळ्यात बोलकं प्रकरण विमानांच्याही आधीचं आहे. १५ एप्रिल १८७५, फ्रान्स, 'झेनिथ' नावाचा बलून. आत तिघं : तिसांदिए, सिवेल आणि क्रोचे-स्पिनेली. गंमत म्हणजे, म्हणजे गंमत कसली, ऑक्सिजन त्यांच्याकडं होता. पिशव्यांत भरलेला, डोक्याशी टांगलेला. पॉल बेर या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून त्याचं महत्त्व त्यांना कळलेलं होतं. ठरवलं असं की साठा थोडा आहे, गरज वाटली की घेऊ.

गरज वाटलीच नाही. वर गेल्यावर बरं वाटतंय म्हणून सिवेलनं वाळूची ओझी कापली, बलून आणखी उसळला. तिसांदिएनं नंतर लिहून ठेवलंय की नळी तोंडाशी न्यावी असं मनात आलं, पण हात उचलेना. आपण ८,००० मीटरवर पोचलो असं ओरडायचं होतं, जीभ हलेना. आणि भीती? अजिबात नाही, आतून आनंद. तो शुद्धीवर आला तेव्हा बाकी दोघं गेलेले होते. तो वाचला, पण कानांनी गेला.

उसाचा_फड

वाचनखूण साठवली. कागलकर काका, 'सगळं बरोबर आलं होतं' हे आमच्याकडं गणिताच्या पेपरनंतर दरवर्षी ऐकतो, जमिनीवरच.

शंकासुर

ठीक. पण हे सगळं २५,००० चं, बलूनचं, लढाऊ विमानांचं. काकांचा प्रश्न १८,००० चा आहे. तुमच्याच आकड्यानं तिथं २० मिनिटं मिळतात. उडी एक-दीड मिनिटाची. मग?

नभचरी

@शंकासुर, मुद्दा अगदी बरोबर पकडलात. ऑक्सिजन उडीसाठी नसतोच.

मी परदेशात रीतसर कोर्स करून एकटीनं उड्या मारते, मूळची राजारामपुरीची. पोट जमिनीकडं करून पडताना वेग ताशी १९०-२०० किलोमीटर असतो, म्हणजे १८ वरून १५ हजारांवर यायला वीस सेकंदं पुरतात. 'पडताना श्वास घेता येतो का' हे सगळेच विचारतात. येतो. तेवढ्या वेळात कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते विमानात. शेवटचे काही हजार फूट विमान रडतखडत चढतं. वर पोचल्यावर खाली ढग आडवा आला, किंवा दुसरं विमान जवळून जातंय म्हणून कंट्रोलनं थांबवलं, की परत एक मोठी फेरी. ती दहा-बारा मिनिटं तुम्ही वरच. आणि त्याच दहा-बारा मिनिटांत टँडमवाला तुमचे चार हुक आपल्या पट्ट्यांना जोडून, ओढून, परत तपासत असतो. खांद्याचे दोन, कमरेचे दोन. त्याचं बोट प्रत्येक हुकाच्या खटक्यावरून फिरतं, ओठ हलतात, मनात मोजत असतो. काका, तुम्हाला त्या वेळी डोकं नसलं तरी चालतं. त्याला असावं लागतं. शिवाय तुमची आयुष्यातली ती एक फेरी, त्याची दिवसातली कितवी ते त्यालाच ठाऊक. वैमानिकाचंही तेच.

आमच्या एका ठिकाणी (नाव नको) १८ ची उडी ठरली होती. पंधराच्या अलीकडं नळ्या वाटल्या, तर प्रवाह दाखवणारी छोटी गोळी एका ओळीत वर उचललीच जाईना. बाटली रिकामी, कुणी बदललीच नव्हती. वैमानिकानं काही न बोलता विमान १३,५०० वर उतरवलं आणि तिथून सगळ्यांना सोडलं. एक गृहस्थ १८ चे पैसे परत मागत दिवसभर ऑफिसात बसून होते. पैसे मिळाले की नाही माहीत नाही, मला तरी मिळाले नाहीत.

पांढरा_रस्सा

म्हणजे काकांना ऑक्सिजन नको, काकांच्या पाठीवरच्या गड्याला पाहिजे. पैसे मात्र काकांनी भरायचे. खटका दाबा, पुढं चला.

उद्यमनगरी

आमचं आयुष्य ऑक्सिजनच्या टाक्या ढकलण्यात गेलंय. गॅस कटिंगला रोज लागतो. तुमच्या त्या विमानातल्या नळ्यांवर एक सांगतो. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा, ग्रीसचा हात लावायचा न्हाई. कितीबी घट्ट बसलेला नट असू दे. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल भेटलं की ठिणगीची वाट बघत न्हाई. आमच्या शेडमध्ये पोरगं नवीन आलं की पहिल्या दिवशी हेच शिकवतो, हात फडक्याला पुसून ये मग टाकी धर.

आणि एक विचारायचं होतं. दवाखान्याची टाकी काळी, वर पांढरा खांदा. आमची सगळी काळी. गॅस तर एकाच प्लांटात भरतात. मग विमानाचा वेगळा कशाला?

मुडशिंगीकर

@उद्यमनगरी, भारी प्रश्न. वैमानिकांच्या ऑक्सिजनमध्ये ओलावा जवळजवळ शून्य लागतो. १८,००० फुटांवर तापमान उणे वीसच्या आसपास. गॅसमध्ये पाण्याचा अंश असला तर व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो आणि प्रवाह बंद. शुद्धतेइतकाच कोरडेपणा महत्त्वाचा. बाकी किती सोडायचा याचा ढोबळ हिशोब सोपा आहे, दर १०,००० फुटांना मिनिटाला एक लिटर. १८,००० ला माणशी पावणेदोन-दोन लिटर. तिथवर नाकातली साधी नळी चालते, त्याच्या वर तोंड-नाक झाकणारा मास्क.

मालवणी_खाजं

अवांतर : मागच्या आठवड्यात कोल्हापूरची एक मंडळी तारकर्लीला स्कूबा करून दुपारीच गगनबावड्याचा घाट चढून घरी गेली. ते चालतं का? स्कूबानंतर विमानात बसू नका म्हणतात ना?

भूलवाला

@मालवणी_खाजं, अवांतर नाही, याच धाग्याचं दुसरं टोक आहे ते. पाण्याखाली दाबानं नायट्रोजन अंगात मुरतो आणि वर गेल्यावर बुडबुडे होऊन सुटू शकतो. एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह असतील तर १८ तास उड्डाण टाळा असा सल्ला असतो, आणि तो २,००० फुटांच्या वरच्या उंचीसाठी. घाटमाथा त्या काठावरच येतो. पर्यटकांना नेतात ते उथळ आणि थोड्या वेळाचं असतं, त्यात धोका फारसा नाही. पण खोल आणि परत परत डाइव्ह मारणाऱ्यांनी रात्री मालवणातच मुक्काम करावा. सुरमई खावी, सकाळी निघावं.

कागलकर_निवृत्त

डॉक्टरांना पुस्ती. फार उंचावरून उड्या मारणारे छत्रीधारी सैनिक त्याच नायट्रोजनपायी उड्डाणाआधी अर्धा-पाऊण तास शुद्ध ऑक्सिजन घेत बसतात. एक श्वास जरी बाहेरच्या हवेचा घेतला तरी घड्याळ पुन्हा शून्यावर.

दसरा_चौक

म्हणजे फेलिक्स बॉमगार्टनर पण? २०१२ ला ३९ किलोमीटरवरून पडला होता ना?

मुडशिंगीकर

हो, तोही. पण तिथं मास्कनं भागत नाही. ४०,००० फुटांवर शुद्ध ऑक्सिजन घेतला तरी तो १०,००० फुटांवर साधी हवा घेतल्यासारखाच पडतो. त्याच्या वर अंगावरच दाब लागतो, म्हणून हवाबंद सूट. १९६० साली अमेरिकन हवाई दलाच्या जोसेफ किटिंजरनं १,०२,८०० फुटांवरून उडी मारली तेव्हा वर जाताना उजव्या हातमोज्याचा दाब गेला होता. हात सुजून निकामी झाला, तरी तो खाली काही बोलला नाही, मोहीम रद्द करतील म्हणून.

आपल्याकडचंच उदाहरण हवं तर विजयपत सिंघानिया. नोव्हेंबर २००५ मध्ये मुंबईतून गरम हवेच्या बलूननं २१,०२७ मीटरवर गेले, दाब राखलेल्या बंद कॅबिनमधून, आणि सिन्नरकडं पांचाळ्याला उतरले.

नभचरी

आणि पुण्याच्या शीतल महाजन! नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवर हेलिकॉप्टरमधून उडी. तिथं उतरायची जागाच कालापत्थरजवळ, १७ हजारांच्या वर. म्हणजे खाली पोचूनही हवा विरळच. त्याआधी थायलंडला नऊवारीतही उडी मारलीय त्यांनी.

बिंदू_चौकातला

कोल्हापूर-मुंबई विमानात मी वर बघत बसलो होतो, ते मास्क नक्की कुठून पडणार म्हणून. हवाई सुंदरीनं त्याबद्दल काही सांगितलंच नाही.

मुडशिंगीकर

एटीआर असेल, ते पंख्याचं छोटं विमान. ते २५,००० फुटांच्या वर जातच नाही, त्यामुळं डोक्यावरून पडणारे मास्क त्यात सहसा बसवलेले नसतात. मोठ्या जेटमध्ये असतात, आणि तेही दहा-पंधरा मिनिटांपुरतेच. तेवढ्यात वैमानिक खाली १०,००० वर आणतो. २००५ साली सायप्रसहून निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात कॅबिनच्या दाबाचा स्विच हातानं चालवायच्या जागी राहिला होता. धोक्याचा भोंगा वाजला, पण वैमानिकांना तो भलत्याच बिघाडाचा वाटला, आणि तो उलगडा करेपर्यंत डोकंच चालेनासं झालं. १२१ माणसं गेली. मागं प्रवाशांचे मास्क पडलेले होते.

शंकासुर

हे माहीत नव्हतं. भोंगा वाजूनही.

तरी माझी मूळ तक्रार कायम. सक्ती वैमानिक आणि प्रशिक्षकापुरती ठेवा, प्रवाशाला का?

भूलवाला

कारण अर्धवट शुद्धीतला, अतिखूश प्रवासी दाराशी बसलेला असतो. आणि त्याचे हात मोकळे असतात.

शंकासुर

बरं.

पांढरा_रस्सा

शंकासुर 'बरं' म्हणाले. स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कुणीतरी.

तालमीतला

काका, एक ऱ्हायलं. उडीच्या दिवशी सकाळी मिसळ हाणून जाऊ नका.

भूलवाला

हसताय, पण शास्त्र पक्कं आहे. दाब निम्मा झाला की पोटातला वायू दुप्पट जागा मागतो. मटकी, कांदा, सोडा वर्ज्य. आणि सर्दी असेल तर उडीच रद्द करा. वर चढताना फार कळत नाही, खाली येताना कानाचा पडदा आत ओढला जातो आणि डोळ्यांत पाणी येतं.

बीपीचं : गोळी चालू आहे आणि आकडा ताब्यात आहे एवढ्यानं कुणी नाही म्हणत नाही. पण स्वतःच्या डॉक्टरांना दाखवून, गोळीचं नाव तिथल्या फॉर्मवर लिहूनच जा. लपवू नका. आदल्या रात्री जावयाबरोबर 'बसणं' नको. दारू उतरली असं वाटलं तरी पेशींना ऑक्सिजन नीट वापरता येत नाही. बोटावरचं ते कोविडातलं यंत्र नेऊ नका. थंडीत बोटं गारठली की ते काहीही दाखवतं, आणि तुम्ही आकडा बघत बसाल, बाहेरचा देखावा राहील.

रंकाळावासी

सगळ्यांचे आभार. एवढं कळलं की ऑक्सिजन उडीचा नाही, विमानाचा आहे, आणि माझा कमी, पाठीवरच्याचा जास्त. पण मग तो दर माझ्या पावतीत का, हे अजून पटलेलं नाही.

आता घरातली बातमी. हा धागा आमच्या सौ.नी वाचला. त्यांचं म्हणणं, तुम्ही १३ वरून मारा, मी १८ वरून मारते, नळी लावून. मी गप्प आहे.

दोन शंका उरल्यात. मला भरघोस मिशा आहेत, रोज खोबरेल लावून पीळ देतो. मास्कची वेळ आली तर अडचण होईल का? आणि सौ.ना नाकात चमकी आहे, ती नळीच्या आड येईल का?

उद्यमनगरी

आवो काका, वर काय सांगितलं मी? तेल! मिशी कोरडी ठेवा, साबणानं धुऊन जावा. ओठाला ती व्हॅसलीनची डबी पण नको.

मुडशिंगीकर

उद्यमनगरींशी सहमत. शिवाय दाट मिशी-दाढीत मास्क नीट बसत नाही, कडेनं गळतो. नाकातल्या नळीला तो त्रास नाही, आणि १८,००० पर्यंत नळीच असते.

नभचरी

वहिनींना म्हणावं, चमकी आदल्या दिवशी काढून ठेवा. नळीचं काही नाही, पण हेल्मेट-चष्मा चढवताना ती हमखास अडकते. गरम मोजे आणि पातळ हातमोजे घेऊन जा. बुकिंग करताना १८ च्या दिवशी ढग असले तर १३ वरून सोडणार का आणि फरकाचे पैसे परत देणार का, हे आधी लेखी विचारा. आणि दोघांना एकाच विमानात बसवा म्हणून सांगून ठेवा. काका १३ ला उतरतील, विमान वहिनींना घेऊन पुढं जाईल.

पांढरा_रस्सा

आणि जावई खाली उभा राहून व्हिडिओ काढणार. वहिनी, खाली आल्यावर इथं लिहा. काकांना लिहायला सांगू नका, ते पावतीवरच अडकतील.